तारेला वीज कुठून द्यायची?

आग्रही : अण्णा, बियाणं आपण कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनं घेतो. संस्था १९९८ पासून आपल्या राजगुरुनगरातच आहे. भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण टिकतात म्हणून निवडतो, काढल्यावर पात सुकू देतो, मान कापताना देठ राखतो. कांदाचाळीच्या दारापर्यंत सगळं विचारून-सवरून चालतं, आणि दार लागलं की अंदाज. एप्रिल-मेमध्ये भरलेला रब्बीचा कांदा दसरा-दिवाळीपर्यंत आत असतो. एवढ्या दिवसांत आत काय चाललंय ते कळायला आपल्याकडे दोनच खुणा : वास आणि खालून गळणारं पाणी. दोन्ही उशिरा येतात. साध्या चाळीत घट, सड आणि कोंब धरून चौथा हिस्सा सहज जातो, वाईट वर्षी त्याहून पुष्कळ जास्त. ढिगात २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहिली तर नुकसान कमी होतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्या चाळीत ते किती आहे, हे कोण सांगणार? म्हणून म्हणतो, सेन्सरच्या माळा टाकू. एका तारेवर हात-दीड हाताच्या अंतरानं आठ सेन्सर, तार ढिगात उभी सोडायची, वर एक कन्व्हर्टर, तिथून केबल घरात.

साशंक : सेन्सरवर माझा राग नाही. उमेदीची वर्षं मी भोसरीत मेंटेनन्सला काढली, तापमानाच्या तारा हाताखालून भरपूर गेल्या. माझी शंका सेन्सर संपतो तिथून सुरू होते. सेन्सरची बोली वेगळी, घरातल्या मशिनची वेगळी, आणि मध्ये तू म्हणतोस तो डबा. कारखान्यात हा डबा बंद पॅनेलमध्ये असतो. शेजारी २४ व्होल्टचा एसएमपीएस, खाली तांब्याची अर्थपट्टी, आणि काही झालं तर रात्रपाळीचा माणूस टेस्टर घेऊन हजर. आपली चाळ बघ. वर पत्रा, खाली कांद्याची साल, मधे उंदीर. डब्याला बोटभर फट राहिली तर पाल आत अंडी घालते. मोटारीच्या लाइनला थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. घरची लाइट गावठाणावर आहे, ती जास्त टिकते. पण वळीव आला की तीही जाते, आणि वळीव येतो नेमका चाळ भरलेली असताना. तेव्हा पहिलं हे सांग, की डब्याला वीज कुठून देणार? सेन्सर किती अचूक आहे ते मला नंतर सांग.

आग्रही : बरोबर जागी बोट ठेवलंत, पण उत्तर आहे. आधी माळ कशी चालते ते सांगतो, मग वीज. मी घेणार तो सेन्सर डीएस१८बी२०. मूळ डॅलस सेमिकंडक्टरचा. ती कंपनी पुढं मॅक्सिमनं घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली, पण सेन्सर तोच आहे. त्याला तीन तारा : वीज, डेटा आणि ग्राउंड. प्रत्येक सेन्सरच्या पोटात कारखान्यातूनच कोरलेला ६४ बिटांचा क्रमांक असतो, म्हणून आठच्या आठ एकाच डेटा तारेवर बसतात आणि नाव घेतलं की ज्याचा तोच उत्तर देतो. कन्व्हर्टर त्यांना विचारतो, आकडे गोळा करतो आणि घराकडे जाणाऱ्या जोडतारेवर आरएस-४८५ मध्ये सांगतो. आरएस-४८५ चं मानक १९८३ चं, त्यावर जी मॉडबस बोलली जाते ती मॉडिकॉननं १९७९ मध्ये काढली. चाकणच्या कितीतरी कारखान्यांत ऊर्जामीटर आणि मोटारींचे ड्राइव्ह हेच बोलतात. नवं काही करायचं नाही. जे रोज हाताळतो ते महामार्ग ओलांडून शेतात आणायचं.

साशंक : वीज.

आग्रही : देतो. कन्व्हर्टर ९ ते ३० व्होल्ट डीसीवर चालणारा घ्यायचा. घरात १२ व्होल्टचा सप्लाय, त्याला बॅटरीचा आधार, आणि त्याच केबलमधून वीजही चाळीत न्यायची. चार तारांची केबल : दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या.

साशंक : आता हिशेब कर. घरापासून चाळ ८० मीटर. मागच्या वर्षी वस्तीवर एकानं असाच संच बसवला होता. विकणाऱ्यानं इंटरनेटची केबल टाकली आणि मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट सोडले. त्या केबलची तार केसासारखी बारीक. ८० मीटर जायला, ८० यायला, म्हणजे १६० मीटर तांबं, विरोध साधारण १४ ओहम. डब्यानं आणि माळांनी मिळून १०० मिलिअँपिअर ओढले की वाटेतच १.४ व्होल्ट संपले. चाळीत पोचले ३.६. डबा तेवढ्यावर मरत नाही. मेला असता तर बरं झालं असतं, कळलं तरी असतं. तो अर्धवट जिवंत राहतो. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा, आणि मध्येच ८५ अंश. त्या पोरानं ८५ बघितलं आणि रात्री मजूर बोलावून ढीग उपसला. आत कांदा गार होता.

आग्रही : ते ८५ मला माहीत आहे, आणि तुमच्या शंकेचं खरं उत्तर त्यातच आहे. या सेन्सरला वीज मिळाली की तो सुरुवातीला आपल्या खात्यात ८५ हा आकडा मांडून बसतो. मग आपण ‘मोज’ म्हणायचं. पूर्ण बारकाईनं मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्यात दीड मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते. मोजता मोजता वीज खचली तर सेन्सर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि वाचणाऱ्याला ते ८५ च सापडतं. म्हणजे त्या माळेनं ढिगाचं तापमान सांगितलंच नव्हतं. ‘माझी वीज गेली होती’ एवढंच ती सांगत होती. काहीजण तर पैसे वाचवायला विजेची तार टाकतच नाहीत, सेन्सरला डेटाच्या तारेवरूनच जगवतात. टेबलावर एक सेन्सर तसा छान चालतो. आठ सेन्सरना एकदम मोजायला सांगितलं की १२ मिलिअँपिअर लागतात, आणि डेटा तारेवरचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर एक मिलिअँपिअरसुद्धा धड देत नाही. म्हणून तिसरी तार टाकायचीच. आणि घरातून ५ व्होल्ट पाठवायचेच नाहीत. १२ पाठवायचे, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून. तिथं १६० मीटरला ६ ओहम पडतात, ०.६ व्होल्ट वाटेत जातात, ११.४ पोचतात. ५ व्होल्ट कन्व्हर्टरच्या आत, माळेच्या तोंडाशी तयार होतात. ओढाताण १२ च्या बाजूला होऊ दे, सेन्सरला ती कळताच कामा नये.

साशंक : हे पटलं. पण तू फक्त वीज पोचवलीस. विजेबरोबर काय काय येतं ते अजून बाकी आहे. घराचं अर्थिंग एका जागी, चाळीचा लोखंडी सांगाडा दुसऱ्या जमिनीत, बोअरची मोटार तिसरीकडे. मोटार सुरू झाली की दिवा मिणमिणतो, तेव्हा जमिनीतही काहीतरी हलत असतं. घरात तू लॅपटॉप चार्जरला लावून यूएसबीवरून तार वाचणार. लॅपटॉपचा शून्य आणि चाळीतल्या डब्याचा शून्य एकच असेल, याची हमी कोण देतो?

आग्रही : कोणीच देत नाही. आरएस-४८५ मध्ये म्हणूनच दोन तारांमधला फरक बघतात. ए आणि बी यांच्यात २०० मिलिव्होल्टचा फरक मिळाला तरी ऐकणाऱ्याला पुरतो. दोन्ही तारा मिळून घेणाऱ्याच्या शून्यापासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सरकल्या तरी चालतं. पण मर्यादा तिथंच. ‘दोनच तारा लागतात’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे, दोन्ही टोकांचा शून्य सांगणारी तिसरी तार लागते. आपल्या केबलमध्ये विजेची परतीची तार ते काम करेल. मात्र त्या तारेतून विजेचा प्रवाहही परत येतो, तिच्यावर तीन दशांश व्होल्ट पडतात, म्हणून दोन्हीकडचा शून्य तेवढा हलतो. तीन दशांश चालतात. पुढं चाळीत हवा खेळवणारा पंखा लावून त्याचा रिले त्याच तारेवर टाकला की ते वाढणार, म्हणून रिलेला वेगळी जोडी. आणि घराच्या टोकाला आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्यायचा. त्यात यूएसबीची बाजू आणि तारेची बाजू यांच्यात धातूचा संबंधच नसतो. स्वस्त कन्व्हर्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, आयसोलेटेडला त्याच्या कितीतरी पट पडतात. त्या फरकात लॅपटॉपचा जीव आहे.

साशंक : आणि टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर? प्रत्येक माहितीपत्रकात ते छापलेले असतात.

आग्रही : छापलेले असतात, ते किलोमीटरभर लांब आणि वेगवान तारेसाठी. आपण ९६०० च्या वेगानं ८० मीटर बोलणार. या गतीला टोकावरून परत येणारा प्रतिध्वनी पुढचा बिट येण्याच्या कितीतरी आधी विरून जातो. उलट दोन्ही टोकांना १२० लावले की मिळून ६० ओहमचा भार होतो आणि दर शब्दाला डब्याला पंचवीसेक मिलिअँपिअर जास्त मोजावे लागतात. सोलरवर चालवायचं असेल तर ते महाग. त्यापेक्षा कोणीच बोलत नसताना तार अधांतरी राहू नये म्हणून तिला एका बाजूला ओढून धरणारे दोन रेझिस्टर एकाच टोकाला लावावेत, ते जास्त कामाचे. आणि ए-बीच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही, एका कंपनीचा ए दुसऱ्या कंपनीचा बी निघतो. उत्तर आलं नाही तर अदलाबदल करून बघायची, त्यानं काही जळत नाही.

(इथं लिहिणारा म्हणून मी मध्ये बोलतो. या दोघांचं जे चाललं आहे ते बोलण्याइतकी माहिती चाकण-भोसरी पट्ट्यात हजारोंकडे आहे. आपल्या खेड तालुक्यातली किती मुलं रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतात, दिवसभर फेरूल दाबतात, शील्ड एकाच टोकाला अर्थ करतात, मल्टिमीटर लावून २४ व्होल्ट खरंच २४ आहेत का ते बघतात. संध्याकाळी तीच मुलं घरी येतात, आणि शेतातलं काही जोडायचं निघालं की बाजारातला सगळ्यात स्वस्त संच, मोबाइलचा चार्जर आणि चिकटपट्टी यांवर काम भागवतात. जे घरच्या चाळीला मिळायला हवं ते कौशल्य कंपनीच्या गेटपाशीच थांबतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चाळीतला माल त्यांच्याच घरचा असतो.)

साशंक : वीज जमिनीवरून येते तशी आकाशातूनही येते. मेमध्ये ढग गडगडायला लागले की ८० मीटरची तार कशासारखी वागते, हे मी बघितलंय. शेजारच्या शेतात वीज पडली तरी पुरे, तारेवर पडावी लागत नाही. तू गॅस ट्यूब लावशील, डायोड लावशील, अर्थचा रॉड ठोकशील. करच ते. पण मला वाटतं, ही केबलच कशाला? चाळीवर छोटं सोलर पॅनेल, खाली ७ एएचची बॅटरी, डबा तिथंच जगेल. घराशी बोलायला फक्त दोन तारा आणि शून्य, तेही आयसोलेटेड. किंवा तेही नको, मोबाइलचं सिम टाक.

आग्रही : मी तोही हिशेब केला. डबा सतत जागा ठेवला, सरासरी ४० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला जवळजवळ १ एएच जातो. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे साडेतीन एएच वापरता येतात, साडेतीन दिवस. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. ढगातूनही पॅनेल थोडं देतं, पण त्या थोड्यावर विसंबायचं कसं? उपाय असा, की डबा झोपवून ठेवायचा. तासाला दोन मिनिटं जागा, मोजा, सांगा, झोपा. खर्च तिसाव्या हिश्शाच्या आसपास येतो आणि बॅटरी महिनाभर सहज पुरते. याचा आणखी एक फायदा. सेन्सरला सतत मोजायला लावलं तर तो स्वतःच थोडा तापतो, तासाला एकदा विचारलं तर तापत नाही.

साशंक : म्हणजे तासातली ५८ मिनिटं डबा गप्प. आता माझा खरा मुद्दा ऐक. कारखान्यातून बाहेर पडताना मी एक भीती घेऊन बाहेर पडलो. बंद पडलेलं मीटर कोणालाही दिसतं. चालू दिसणारं आणि खोटं बोलणारं मीटर कोणाला दिसत नाही. स्क्रीनवर २७.५ लिहिलेलं असतं, बघणारा निर्धास्त होतो. ते २७.५ कालचं आहे. डबा रात्रीच गेला, आणि पलीकडच्या मशिननं शेवटचा आकडा धरून ठेवला. तुझ्या माळेचं हेच होणार. झोपलेला डबा आणि मेलेला डबा यांतला फरक मला घरी बसून कसा कळणार? माझं नाक खोटं बोलत नाही. ते उशिरा बोलतं, मान्य. पण वास आला की आलाच.

आग्रही : हे मी हसण्यावारी नेणार नाही. मला वाटतं, आत्तापर्यंतच्या बोलण्यातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. डब्यानं नुसतं तापमान पाठवायचं नाही. दर वेळी तीन गोष्टी जोडून पाठवायच्या : मोजताना स्वतःला किती व्होल्ट मिळत होते, चालू झाल्यापासूनची कितवी मोजणी आहे तो क्रमांक, आणि कोणता सेन्सर बोललाच नाही. क्रमांक पुढं सरकला नाही तर घरातल्या स्क्रीननं आकडा पुसून टाकायचा. जुना आकडा फिकट करून ठेवायचा नाही, जागा रिकामी दिसली पाहिजे. ८५ आला आणि शेजारचे सेन्सर २७ सांगत असतील तर तोही पुसायचा. आणि माळ ढिगात जाण्याआधी परीक्षा घ्यायची. बर्फाचा चुरा आणि पाणी एका भांड्यात कालवून आठही सेन्सर त्यात बुडवायचे. शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत जो येणार नाही तो बाद. या सेन्सरची नक्कल बाजारात भरपूर आहे, वरून ओळखू येत नाही. बर्फ बऱ्याच जणांना उघडं पाडतो.

साशंक : व्होल्ट तू डब्यापाशी मोजणार, शेवटच्या सेन्सरपाशी नाही. मधला एक सांधा गंजला तर? कांद्याच्या ओलीत सोल्डर काळी पडायला एक हंगाम पुरतो.

आग्रही : म्हणून शेवटचा सेन्सर ढिगात पुरायचा नाही. माळ खालून वर परत आणायची आणि शेवटचा सेन्सर चाळीच्या वाटेवर, डोळ्यासमोर टांगायचा. शेजारी साधा काचेचा थर्मामीटर. तुम्ही आत गेलात की दोन्ही बघा. सगळ्या सांध्यांतून गेलेली वीज त्या शेवटच्याला पोचते. तो खरा बोलत असेल तर वाट शाबूत आहे, निदान बरीचशी.

साशंक : ‘निदान बरीचशी’ हे प्रामाणिकपणे बोललास. आता दुसरं. धर, तुझे सगळे आकडे खरे. मग काय करायचं? ढीग तापला हे कळलं. उपसून निवड करायची तर मजूर हवेत, आणि श्रावणात मजूर कुठं मिळतो? विकायचा तर भाव हवा. २०२३ च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या मेमध्ये उठली. चाळ उघडायची की नाही हे त्या महिन्यांत ढिगाच्या तापमानावर कोणी ठरवलं नाही. चाकणच्या बाजारात गाडी उभी राहिली की चांगल्या कांद्यालाही कोणी विचारेना, तेव्हा तुझा दशांश अंश मी कोणाला दाखवू? आणि सड सुरू होते ती एका कांद्यापासून. तो सेन्सरपासून हातभर लांब असेल तर सेन्सरला ऊब लागेपर्यंत शेजारचे वीस गेलेले असतात.

आग्रही : भावाचं काही माझ्या हातात नाही. आणि एका कांद्याची सड माळेला दिसणार नाही, तेही कबूल. तिथं नाकच पुढं. मी माळ सडका कांदा शोधायला टाकतच नाही. मला ती एकाच प्रश्नासाठी हवी आहे, आणि त्या प्रश्नाला तुमचं नाक उत्तर देऊ शकत नाही : या घडीला बाहेरची हवा आत घ्यावी की नको? उदाहरण घ्या. जुलैची सकाळ, बाहेर २४ अंश, आर्द्रता ९० टक्के. कोणीही म्हणेल, एवढी दमट हवा आत नको, ताडपत्री सोडा. पण ढीग २८ अंशाला आहे. तीच हवा ढिगात शिरून २८ पर्यंत तापली की तिची आर्द्रता ७१ टक्क्यांवर येते. म्हणजे पंखा लावा, ती हवा आतली ओल घेऊन जाईल. आता सप्टेंबर. आठवडाभर पाऊस होऊन गेलाय, ढीग २५ ला उतरलाय. दुपारी ऊन पडतं, बाहेर २९ अंश, ८० टक्के. अंगाला वारा बरा वाटतो, आपण ताडपत्र्या वर करतो. त्या हवेतलं बाष्प २५ अंशाच्या कांद्यावर दवासारखं सुटतं. हाताला लागत नाही इतकं पातळ, पण काळ्या बुरशीला पुरतं. आपण जे चांगलं समजून केलं त्यानंच कांदा भिजला. हे कळायला बाहेरचं तापमान, बाहेरची आर्द्रता आणि ढिगाच्या पोटातलं तापमान, तिन्ही एकाच वेळी लागतात, म्हणून माळेच्या जोडीला बाहेर आर्द्रतेचाही सेन्सर हवा.

साशंक : हे मात्र मला माहीत नव्हतं. सप्टेंबरच्या उघडिपीत ताडपत्र्या वर करायच्या, हे वडिलांपासून चालत आलंय. पण बघ, तुझ्या या हिशेबात कांदा कोरडा राहायचा की भिजायचा ते एक-दोन अंशांवर आहे. २५ च्या जागी ढीग २६.५ असता तर दव सुटलं नसतं. सेन्सर अर्धा अंश इकडे-तिकडे. आर्द्रतेचा सेन्सर दोन-तीन टक्के चुकणार, आणि दमट हवेत महिनोन्‌महिने राहिला की आणखी सरकणार. ज्या दिवशी फरक स्पष्ट आहे त्या दिवशी तुझी माळ बरोबर सांगेल. ज्या दिवशी फरक काठावर आहे त्या दिवशी ती आणि मी सारखेच.

आग्रही : काठावरच्या दिवशी सारखेच, हे मान्य. स्पष्ट दिवस जास्त असतात असं मला वाटतं. पण ते या राजगुरुनगरात, या चाळीत किती, हे एक हंगाम मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

साशंक : मग शेवटचा प्रश्न, आणि हा मी मेंटेनन्सवाला म्हणून विचारतो. तू पंखा डब्याला जोडणार. डब्यानं हो म्हटलं की रिले ओढेल, पंखा चालू. तूच मला आत्ता सांगितलंस की डब्याला ‘माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे. ठीक. डबा ‘माहीत नाही’ म्हणाला, तेव्हा पंखा चालू ठेवायचा की बंद?

आग्रही : कारखान्यात याचं उत्तर ठरलेलं असतं. तार तुटली की मशिन थांबतं, थांबणं म्हणजे सुरक्षित.

साशंक : इथं थांबणं सुरक्षित आहे का?

आग्रही : जुलैत नाही. जुलैत बंद पंखा म्हणजे आत कोंडलेली ओल. सप्टेंबरच्या उघडिपीत बंद बरा. म्हणजे दोन्ही बाजू धोक्याच्या, आणि कोणती कमी धोक्याची हे महिन्यावर जातं. रिलेचा संपर्क सुटला की पंखा चालू राहावा अशी जोडणी करता येते, बंद राहावा अशीही करता येते. पण जोडणी एकदा स्क्रू आवळला की महिना बघत नाही. डब्यात तारीख घालता येईल. पण डबाच मेला असेल तर तारीख कोण बघणार? आणि गावात लाइटच नसेल तर सोलरवर डबा जागा आणि पंखा मुका, तो भाग वेगळाच.

साशंक : मग असं कर. माळ टाक. बर्फाची परीक्षा माझ्यासमोर घे. १२ व्होल्टची केबल टाकायची की सोलर, ते पाऊस बघून ठरवू, मला अजून सोलर बरं वाटतं. पण रिले या वर्षी नको. पंख्याचं बटण चाळीच्या खांबावर, हाताला येईल असं ठेव. डबा आकडे सांगेल, बटण मी दाबेन.

आग्रही : मग ती सप्टेंबरची दुपार घ्या. तुम्ही गाडी घेऊन चाकणला गेलाय, मी कंपनीत पाळीवर, आणि उघडीप पडली म्हणून घरच्यांनी नेहमीसारख्या ताडपत्र्या वर केल्यात. घरात स्क्रीनवर तिन्ही आकडे खरे आहेत, व्होल्ट बरोबर आहेत, क्रमांक पुढं सरकतोय. ते वाचून ताडपत्र्या खाली सोडायला कोण आहे?

साशंक : तुझी काकू असते घरी. तिला यातलं काहीच आपण सांगितलेलं नाही.

आग्रही : नाही सांगितलं.

साशंक : आणि चाळीत सगळ्यात जास्त वेळा तीच जाते.